खसताटीच्या पल्याड

माझी आई बायजाबाई अकरा बायांची मालकीण आहे, असं आमच्या इंदोरा वस्तीत लोक म्हणत. आई म्हणायची, "मालकीण कायची वं, पुढं चालनारी आहो."

आमचा धंदा खसताट्यांचा. बांबूच्या कामट्यांची चौकट करायची, तिच्यात खसची, म्हणजे वाळ्याची, मुळं दाबून भरायची, सुतळीनं शिवायची आणि एप्रिल लागला की सिव्हिल लाइन्समधल्या कचेऱ्यांच्या खिडक्यांना बाहेरून टांगायची. मग पाऊस येईपर्यंत तिच्यावर दिवसभर पाणी मारत राहायचं. बाहेरची झळ ओल्या खसमधून आत जाताना गार होते आणि आतले बाबू लोक सुगंध घेत फायली चाळतात. पाणी मारणारी बाई बाहेर, उन्हात.

बाबा गिरणीत खोकून खोकून गेले तेव्हा मी सात वर्षांची होते. आई एका ठेकेदाराकडे ताट्या बांधायला जाऊ लागली. ठेकेदार दारूत बुडाला, तेव्हा आई स्वतःच कचेऱ्यांच्या पायऱ्या चढली आणि ठेका मागून आणला. पायऱ्या चढली म्हणजे व्हरांड्यापर्यंतच. आत कधी गेली नाही. छप्पन साली पांढरं लुगडं नेसून दीक्षा घेतलेली, घरातले जुने देव स्वतःच्या हातानं नदीत सोडून आलेली बाई ती. तिला आत येऊ नको असं कोणी म्हटलं नव्हतं. तिनंही कधी विचारलं नव्हतं. आमचं काम बाहेरचं, एवढंच आम्ही धरून चाललो होतो. याचा मला आजही राग येतो, आणि त्यातला निम्मा माझ्यावरच आहे.

आईचा एक नियम होता. पाऊण तास पाणी मारलं की अर्धा तास निंबाखाली बसायचं, पन्हं प्यायचं, डोक्यावर ओला फडका ठेवायचा. कोणत्याही बाबूनं डोळे वटारले तरी हा नियम मोडायचा नाही. बारा वर्षांत आमच्यातली एकही बाई उन्हानं पडली नव्हती, ती त्यामुळेच.

ऐंशी सालच्या मे महिन्यात आमच्या सगळ्यात मोठ्या कचेरीत कूलर आला. पत्र्याची पेटी, बाजूला गवताच्या जाळ्या, आत पंखा. बटण दाबलं की झालं. त्या कचेरीवर आमचं अर्धं पोट होतं. आणि ती गेली असती तर बाकीच्याही गेल्या असत्या, कारण कचेऱ्यांचं मेंढरांसारखं असतं.

बायांनी हाय खाल्ली. आई मात्र दुसऱ्याच दिवशी व्हरांड्यात जाऊन उभी राहिली. बडेबाबू शरच्चंद्रराव पान चघळत बाहेर आले.

"बाबूजी, पंधरा दिवस द्या," आई म्हणाली. "एका हॉलमंधी तुमचा कूलर, दुसऱ्या हॉलमंधी माह्या ताट्या. मंग ठरवा."

शरच्चंद्ररावांना गंमत वाटली असावी. ते म्हणाले, "ठीक आहे बाई. शेवटच्या दिवशी साहेब स्वतः दोन्ही हॉल बघतील आणि तिथेच सही करतील. पण बाया पाचच आणायच्या. जत्रा नको."

पाच मोठ्या खिडक्या आणि पाच बाया. म्हणजे पाळीला माणूसच उरलं नाही. आईनं रात्रभर विचार केला की नाही, मला माहीत नाही. सकाळी तिनं एवढंच सांगितलं, "पंधरा दिवस निंब इसरा. मंग सालभर बसू."

पाचात आई होती, मी होते, भीमाबाई आणि पार्वतीबाई होत्या आणि माझी देवकीकाकी होती. काकी म्हणजे बाबांच्या वारलेल्या धाकट्या भावाची बायको. ताडमाड उंच. स्टुलावर न चढता तिचा डबा ताटीच्या वरच्या टोकापर्यंत पोचायचा. घरी तिला सहा वर्षांची मुलगी होती. काकी हसली की दोन घरं पलीकडे ऐकू जायचं.

चौदा दिवस आम्ही काढले. हातांची सालं निघाली. आतून चपराशी नत्थू खिडकीच्या फटीला तोंड लावून ओरडायचा, "पानी मारा वं!" आणि आम्ही मारायचो. नत्थू आमच्याच वस्तीतला. ओली ताटी दाट असते, तिच्यातून आतलं काहीच दिसत नाही. आत काय चाललंय ते आम्हाला नत्थूच्या ओरडण्यावरूनच कळायचं. तो कमी ओरडला तर आत बरं आहे. जास्त ओरडला तर आत गरम होतंय.

शेवटच्या दिवशी सकाळीच आभाळ पांढरं झालं होतं. नळ आलाच नाही. आवारातलं टाकं निम्म्यावर. आईनं पाण्यात हात घालून अंदाज घेतला आणि आम्हा चौघींना सांगितलं, "आज अंगावर एक डबाबी घ्यायचा नाही. सगळं पानी ताटीले."

बारापर्यंत ठीक चाललं होतं. त्यानंतर नत्थूचं ओरडणं वाढलं. आधी दहा मिनिटांनी, मग पाच, मग थांबेचना. "पानी मारा! आजून मारा!" मी आईकडे पाहिलं. तिचा चेहरा उतरला होता. साहेब आत बसले असणार आणि आपली ताटी हरत असणार, हे तिनं न बोलता मला सांगितलं. आम्ही पळायला लागलो. टाक्यापासून खिडकी, खिडकीपासून टाकं. जमिनीवर सांडलेलं पाणी बघता बघता सुकायचं.

दोनच्या सुमारास काकी आईजवळ आली. "बाई, डोकं गरगरून राहिलं माहं. घाम बी येत नाही."

आईनं तिच्याकडे बघितलं. बारा वर्षं जी बाई दुसऱ्याच्या कपाळाला हात लावून त्याला सावलीत बसवायची, तिनं त्या दिवशी हात लावला नाही. "चारपर्यंत धर वं देवकी," ती म्हणाली. "उद्या दिवसभर झोपजो. कोनी उठवनार नाही."

हे मी माझ्या कानांनी ऐकलं, आणि मीही डबा भरून घेतला.

तीनला काकी पडली. हातातला डबा तिनं पडतानाही सरळ धरला होता. तिचं अंग तव्यासारखं तापलं होतं आणि कोरडं ठाक होतं. दिवसभर शेकडो डबे पाणी तिच्या हातून गेलं, आणि तिच्या पदराचं टोकसुद्धा ओलं नव्हतं. आईनं टाक्यात उरलेलं सगळं पाणी तिच्यावर ओतलं. भीमाबाईनं रिक्षा आणला. दवाखान्यात पोचेपर्यंत काकी गेली होती.

संध्याकाळी नत्थू आमच्या दारात आला. आत येईना. उंबऱ्याबाहेरच बोलला.

"बायजाबाई, ठेका तुमालेच भेटला."

मग त्यानंच पुढं सांगितलं.

"लाइन गेली होती ना बाराले. कूलर बंद पडला. साहेब साडेबाराले आले, तिकडचा हॉल पायला, इकडचा पायला, हासले अन् सही करून जेवाले गेले."

"साडेबाराले," आई म्हणाली.

"हो. मंग तिकडचे सगळे बाबू खुर्च्या घेऊन इकडंच आले. वीस मानसाच्या हॉलमंधी चाळीस झाले. मंग गरम नाही होनार का?"

"तू काहून नाही सांगतलं गा?"

नत्थूनं मान खाली घातली. "मले कोनी सांग म्हनून म्हनलं नाही. पानी माराले सांग म्हनलं, ते मी सांगतलं."

आई रडली नाही. मी रडले, आणि नत्थूला नाही नाही ते बोलले. तो ऐकून घेत उभा राहिला. त्याचं तरी काय चुकलं? शरच्चंद्ररावांचंही काय चुकलं म्हणा! सही झाली हे आम्हाला कळवायचं त्यांना काही कारण नव्हतं. कामापुरता मामा, ही म्हण काही आमच्यासाठी नवी नव्हती. पण दार उघडंच होतं. पंधरा दिवसांत आमच्यातल्या एकीनंही आत डोकावून बघितलं नाही, हे मात्र आमचं आम्हालाच भोवलं.

तिसऱ्या दिवशी आईनं सगळ्या बायांना अंगणात बोलावलं. काकी धरून अकरा होतो, आता दहाच. आई म्हणाली, "देवकीले म्या मारलं. काम सोडाचं असन त सोडा. माह्या नावानं बोटं मोडा. म्या आयकीन."

भीमाबाई म्हणाली, "अन् तिच्या पोरीले कोन पोसन?"

म्हणून धंदा चालू राहिला. कोणी आईला माफ केलं म्हणून नव्हे. काकी गेल्याच्या सातव्या दिवशी आम्ही त्याच खिडक्यांवर पाणी मारत होतो. तिच्या खिडकीला स्टूल लागलं.

पुढच्या चैत्रात ताट्या खिडक्यांना टांगून झाल्यावर आई पुन्हा व्हरांड्यात गेली. या वेळी मी सोबत होते. बाया दहा येतील आणि पाळीपाळीनं बसतील, हे शरच्चंद्ररावांनी मुकाट्यानं मानलं. दुसऱ्या अटीवर मात्र अडले.

"आत बाई कशाला? पाणी बाहेरून मारायचं असतं."

"पानी कवा माराचं ते आतली बाई सांगन," आई म्हणाली. "आमची बाई. नत्थू नाही."

"असं कधी झालेलं नाही."

"मंग ताट्या खाली उतरवतो. कूलर लावा."

ती खरंच उतरवायला निघाली होती. मला ठाऊक होतं, घरात काकीच्या पोरीसकट तीन तोंडं होती आणि डब्यात तांदूळ नव्हता. शरच्चंद्ररावांनी पान थुंकलं आणि हो म्हणाले.

पहिल्या दिवशी आत कोणी बसायचं, यावर बाया एकमेकींकडे बघू लागल्या. आईच गेली. बाहेर चपला काढायला वाकली, मग तशीच घालून आत शिरली. नत्थूनं तिला स्टूल दिलं. मी बाहेर डबा भरून उभी होते. दुपारचा दीड वाजलेला. पाच मिनिटं झाली, दहा झाली, पंधरा झाली. आतून हाक येईना. ताटीवरून थेंब गळत होते, खसचा वास सुटला होता.

मग आई बाहेर आली. इतकी वर्षं तिनं ताट्या बांधल्या होत्या आणि पल्याड पहिल्यांदाच बसली होती. भर उन्हात ती दोन्ही हातांनी स्वतःचे दंड चोळत होती. अंगावर काटा उभा होता.

"आत थंडी वाजते वं," ती म्हणाली, आणि काकीच्या खिडकीखाली मटकन बसून वर्षभराचं रडली.