भोजनाआधीचा प्रश्न

“मनात कोणाविषयी काही आहे का?” चर्चच्या पंच याकोमिनाबाईंनी विचारले आणि उत्तराची वाट न पाहता वहीत खूण करायला पेन टेकवले.

“आहे,” येरमियास म्हणाला.

पेन थांबले. आत त्याच्या बायकोने, आदोल्फिनाने, भांडे आपटले.

चर्चमध्ये भाकर नि प्याला वाटून घेण्याच्या प्रभुभोजनाआधीच्या आठवड्यात पंचांनी घरोघर हा प्रश्न विचारायचा, ही तिमोर बेटाच्या डोंगरातल्या सोए गावची रीत. ज्याचे कोणाशी वाकडे असेल त्याने आधी समेट करावा, मग वहीत खूण होते आणि मेजाशी बसता येते. सारे गाव ‘नाही’ म्हणते आणि कॉफी पुढे करते. येरमियास सेलान मात्र सव्वीस वर्षे दवाखान्यात हिवतापाच्या स्लाइडी तपासत होता. जंतू दिसला तर आहे, न दिसला तर नाही. रुग्णाचा चेहरा पाहून निकाल बदलत नाही. मनही तो याच शिस्तीने तपासत असे.

“परत मेल्कीभाऊच ना?” बाई म्हणाल्या. “मग जाऊन या की. रविवारी तुमच्या देबोराचं पहिलं प्रभुभोजन. बाप शेजारी नको?”

“ही चौथी खेप होईल.”

“प्रभूनं मोजायला सांगितलंय का?”

“मोजणं माझं कामच आहे, बाई.”

“अहो, नाही म्हणायला काय जीभ झडते?” आदोल्फिना आतूनच कडाडली. “तुमचा भाऊ दर वेळी नाही म्हणतो आणि पहिल्या बाकावर बसतो!”

थोरल्या भावाने, मेल्कियानसने, दोन वर्षांपूर्वी कुंपण अकरा पावले येरमियासच्या मक्यात सरकवले होते. तेव्हापासून दर खेपेस येरमियास विड्याचा डबा घेऊन जाई. समोरच्याने विडा उचलला की भांडण मिटले, असे इथे मानतात. मेल्कियानस विडा खाई, पाठ थोपटी. आठवड्याभरात त्याची गुरे पुन्हा मक्यात.

याही वेळी येरमियास गेला. ओसरीवर मेल्कियानसजवळ चार शेजारी बसले होते. त्याने डबा उघडून पुढे केला.

“दादा, विडा घ्या. मनात राग आहे, तो टाकायला आलो. क्षमा करा.”

“मागच्या खेपेलाही हेच! तुझे विडे खाऊन दात गेले माझे.” शेजारी हसले. “आता शब्द दे. ह्या चौघांदेखत म्हण, कुंपण पहिल्यापासून तिथंच आहे.”

आज्ञा दोन होत्या: भावाशी समेट कर, आणि खोटी साक्ष देऊ नको. त्या एकमेकींच्या आड येतील, हे त्याला कोणी शिकवले नव्हते.

“जमीन ठेवा, दादा. दिली मी. पण कुंपण सरकलंय.”

“दिली? भीक घालतोस मला?”

“मग घेतली म्हणा.”

मेल्कियानसने डबा बंद करून पायाने परत लोटला.

घरी येताना येरमियासला भावाहून अधिक राग आज्ञा देणाऱ्याचा आला. पहिल्या तीन खेपांचे फळ गुरे. चौथीचे, शेजाऱ्यांचे हसू. कुठल्याही शहाण्या संशोधकाने हा प्रयोग केव्हाच सोडला असता.

शनिवारी याकोमिनाबाई पुन्हा आल्या. “गेलात ना? पुष्कळ झालं. खूण करते मी.”

“करू नका. राग गेला नाही. वाढलाय.”

“बाबा,” देबोरा म्हणाली, “माझ्यासाठी एकदाच ‘नाही’ म्हणा ना.”

त्याला ते म्हणावेसे वाटले.

“तू बस, पोरी. मी मागं असेन.”

रविवारी पांढऱ्या कापडाच्या लांब मेजाशी देबोराच्या शेजारी मेल्कियानस बसला, खांद्यावर नवी विणलेली शाल. वहीत त्याच्या नावापुढे खूण होती. द्राक्षरसाचा प्याला हातोहात पुढे सरकत आला. देबोरा प्यायली. काकांनी हात पुढे केला.

तिने प्याला दिला नाही. मान वळवून तिने शेवटच्या बाकाकडे पाहिले. पाळक थांबले, मेजाशी बसलेले सगळेच थांबले.

येरमियासने दोन्ही हातांनी पुढचा बाक घट्ट धरला. मनात तपासण्याजोगे काही नवे नव्हते. राग होता तिथेच होता. त्याने मान डोलावली: दे.

देबोराने प्याला काकांच्या हाती दिला.