गाण्याआधीची शांतता

मशीन दारातून आत जाईना, तेव्हा बाबांनी दारच काढायला सांगितलं. मशीन आडवं करून, थोडी अक्कल लढवून आत घेता आलं असतं. पण ते आडवं करायचं नाही, टेकवायचं नाही, त्याला धक्का लागू द्यायचा नाही, असा बाबांचा दंडक होता. दार काय, परत बसवता येतं. मी बिजागऱ्यांचे स्क्रू काढत होते आणि लहानपणी मला तरी कुणी इतकं जपून उचललं असेल का, असा विचार करत होते.

मशीन म्हणजे टेपवर आवाज मुद्रित करणारं जुनं धूड. कपडे धुण्याच्या मशीनएवढं, वर ताटाएवढी दोन चाकं, एका चाकावरची टेप मधल्या, आवाज टिपणाऱ्या हेडवरून सरकत दुसऱ्यावर गुंडाळली जाणार. बाबा जन्मभर ज्या स्टुडिओत ध्वनिमुद्रक होते, तो बंद पडला. मालकाच्या मुलाचं सगळं काम संगणकावर व्हायचं, त्यामुळे त्यानं ही धुडं भंगारात काढायची ठरवली. बाबांनी तिथून हे मशीन, एक मिक्सर आणि काचेच्या व्हॉल्व्हचे दोन जुने माइक उचलून आणले आणि आमची मागची खोली रिकामी करायला घेतली.

"कुणाचं रेकॉर्डिंग करणार?" मी विचारलं.

"बघू," बाबा म्हणाले. बाबांचं 'बघू' आलं की पुढे विचारण्यात अर्थ नसतो.

मी मात्र एका शब्दानंही विरोध केला नाही. भिंतींना जुन्या रजया ठोकून घेतल्या, खिडकीला दुहेरी काच बसवून दिली, धुळीनं शिंकून बेजार झाले तरी तोंडातून ब्र काढला नाही. कारण माझा त्यात स्वार्थ होता. माळ्यावर आईच्या टेप पत्र्याच्या चपट्या डब्यांत पडून होत्या, आणि त्या वाजवणारं मशीन आमच्या घरात प्रथमच आलं होतं.

आई त्याच स्टुडिओत गायची. कोरसमध्ये, जाहिरातींत, आणि स्टुडिओ रिकामा असला की बाबांसाठी एकटीच. मी शाळेत जायला लागले त्याच वर्षी ती गेली. तिची काही गाणी बाबांनी कॅसेटवर उतरवून ठेवली होती, ती ऐकतच मी वाढले. त्यामुळे आईचं गाणं मला पाठ आहे. बोलणं मात्र आठवत नाही. ती मला हाक कशी मारायची, रागावली की आवाज चढायचा की उलट खाली यायचा, काही म्हणजे काही आठवत नाही. मावशी फोनवर दरवेळी म्हणते, "अगं, तुझा आवाज ऐकला की दचकायलाच होतं, हुबेहूब तीच." मी हो ला हो करते. खरं की खोटं ते ताडून बघायला माझ्याकडे काहीच नाही, आणि ह्याचं मला इतकं वाईट वाटतं की मी मावशीला फोन करायचंसुद्धा टाळते.

गाणं रेकॉर्ड होताना मधे कुणीतरी काहीतरी बोलतंच. पुन्हा घेऊ या, पाणी द्या, पट्टी चढी झाली. त्या मूळ टेपवर आईचं असं काहीतरी असणारच, असा माझा हिशोब होता. मला एक वाक्य पुरलं असतं.

मशीन लावायला बाबांचा जुना सहकारी येऊ लागला. स्टुडिओतल्या यंत्रांची दुरुस्ती तो करायचा आणि रेकॉर्डिंगच्या वेळी मशीनचं बटणही तोच दाबायचा. त्याच्या अंगाला कायम तारा जोडायला वितळवतात त्या सोल्डरचा वास, म्हणून मी लहानपणापासून त्याला सोल्डरकाका म्हणते. काका आला की घराला जाग यायची. येताना हातात बॅग, तोंडात गप्पा, आणि आल्याआल्या पहिलं वाक्य: "काय म्हणतोय आमचा ब्लेड?"

ब्लेड हे बाबांचं स्टुडिओतलं नाव. तेव्हा टेपवरचा नको तो भाग खरोखरच्या ब्लेडनं तिरका कापून काढायचे आणि उरलेली टोकं चिकटपट्टीनं जोडायचे. ह्या कामात बाबांचा हात धरणारं कुणी नव्हतं. "दोन शब्दांमधला श्वास कापायचा तुझा बाप," काका सांगायचा, "आणि गाणाऱ्याला स्वतःला कळायचं नाही, कुठला गेला ते."

मशीन सुरू झालं, पण स्पीकरमधून एक बारीक घूं ऐकू येत होती. झालं, घोडं तिथेच अडलं. ती घूं गेल्याशिवाय आईच्या टेपला हात लावायचा नाही, असं बाबांनी जाहीर केलं. मग तिचा माग काढणं सुरू झालं. तारा बदलल्या, अर्थिंग नव्यानं केलं, ट्यूबलाइट काढून साधा दिवा लावला. एका दुपारी संशय फ्रीजवर आला. फ्रीज बंद केला, घूं तशीच राहिली, आणि फ्रीज परत चालू करायला दोघेही विसरले. सगळं दूध नासलं. मी दोघांना फैलावर घेतलं, तेव्हा काका म्हणाला, "अगं, तपासात निरपराध लोकही आत जातात."

घूं एकदाची गेली. काकानं एक तार वेगळ्या वाटेनं नेली आणि स्पीकर असे गप्प झाले, की मिक्सर चालू आहे हे फक्त त्याच्या दिव्यावरून कळत होतं. मी लगेच माळ्यावर चढायला स्टूल ओढलं.

"थांब, अजून हेड साफ करायचेत," बाबा म्हणाले.

हेड साफ झाले. मग हेडमधलं चुंबकत्व काढायचं राहिलं होतं. मग टेपचा वेग तपासायचा होता. मग माइकचे व्हॉल्व्ह गरम होऊन स्थिर व्हायला हवेत म्हणे, आणि टेप वाजवायला माइक लागतोच कशाला, असं मी विचारल्यावर बाबा उठून बाहेर फेऱ्या मारायला गेले. माझा जीव टांगणीला लागलेला, आणि ह्यांचं आपलं चाललंय. मला वाटलं, स्वभावाला औषध नाही. कामात खोट नको म्हणून सगळं आयुष्य अडवून धरायचं, ही त्यांची जुनी खोड. बाबा घाबरलेले असतील, हे माझ्या डोक्यातही आलं नाही.

शेवटी एका सकाळी मीच डबे खाली उतरवले आणि पुसून मशीनशेजारी मांडले. बाबा डब्यांकडे बघत राहिले. मग त्यांनी हात धुतले, कोरडे केले आणि पहिली टेप चढवली. त्या दिवशी नव्या टेपवर माइकची चाचणीही घ्यायची ठरली होती, म्हणून काका होताच.

आईचं गाणं सुरू झालं. कॅसेटवर ऐकलेलंच, पण कॅसेटवरची आई पडद्याआडून गायची, ही समोर उभी राहून गात होती. ओठ उघडल्याचा आवाजसुद्धा येत होता. गाणं संपलं. हेडवरून पांढरी कोरी पट्टी सरकली, दोन गाण्यांच्या मधे जोडतात ती. पुढचं गाणं. पांढरी पट्टी. पुढचं गाणं. मी प्रत्येक पट्टीच्या अलीकडे पलीकडे कान लावून बसले होते. ना खाकरणं, ना हसणं, ना एखादा शब्द. दुसरी टेप तशीच. तिसरीही तशीच.

"बोलणं कुठे आहे?" मी विचारलं.

बाबा चाकाकडेच बघत होते. "कापलं," ते म्हणाले.

"सगळं?"

"गाण्याव्यतिरिक्त टेपवर काही ठेवायचं नाही, अशी पद्धत होती. पहिल्यापासून तसंच करत आलो. तुझी आई काय, दुसरं कुणी काय."

"मग कापलेलं काय केलंत?"

"खाली पडायचं. झाडून न्यायचे."

मला इतका राग आला की क्षणभर दिसेनासं झालं. "घरची बाई होती ती," मी म्हणाले. "एक तुकडा उचलून खिशात टाकता आला नाही तुम्हाला?"

"ती घरी बोलायचीच की," बाबा म्हणाले. "रोज बोलायची. टेपवरचं कशाला ठेवायचं, असं वाटायचं." एवढं बोलून ते थांबले. मग खालच्या आवाजात म्हणाले, "तुला हे कसं सांगायचं, तेच कळत नव्हतं."

म्हणजे घूं, हेड, वेग, व्हॉल्व्ह, सगळा हे सांगणं लांबवण्यासाठीचा वेळकाढूपणा होता. माझा राग तिथेच बसला, पण रागाच्या जागी जे आलं ते रागापेक्षा वाईट होतं. सगळं व्यवस्थित करणारा माणूस होता तो. त्यानं सगळं व्यवस्थितच केलं होतं.

काकानं चहाचा कप उचलला, रिकामा आहे हे पाहून परत ठेवला. मग म्हणाला, "ब्लेड, हिच्या टेप तू लगेच कापायचास?"

"नाही. बाहेरची कामं आधी. हिचं घरचंच म्हणून मागे पडायचं. महिनोन्महिने पडून असायच्या."

"मग छापा पडला असेल."

बाबांनी मान वर केली. मला काही कळेना, तेव्हा काकानं समजावलं. टेप चाकावर गुंडाळून पडून राहिली की एका थरावरचा आवाज शेजारच्या थरावर पुसट उमटतो, ओल्या शाईचं पान मिटलं की समोरच्या पानावर उमटतं तसा. बाबांना ह्या छाप्याचा भयंकर तिटकारा. तो टाळायला ते टेप उलट्या गुंडाळून ठेवायला लावायचे, कुणी विसरलं तर शिव्या घालायचे. पण कापण्याआधी टेप पडून राहिली असेल, तर कापून टाकलेलं बोलणं लगतच्या थरावर थोडं उमटलेलं असणार. आणि तो थर कापलेला नव्हता.

"त्यावर गाणं असेल ना," बाबा म्हणाले. "गाण्याखाली कसलं ऐकू येतंय."

"सगळीकडे गाणं नाही. ते बिनसाथीचं आठव. त्याच्याआधी तू जागा सोडली होतीस."

बाबांना आठवलं. त्या एका गाण्याआधी त्यांनी खोलीची नुसती शांतता ठेवली होती, कारण तिथून सुरुवात केली तर सूर अंगावर आल्यासारखा वाटायचा. त्यांनी टेप शोधली, चढवली, पांढऱ्या पट्टीपर्यंत आणली. मग मिक्सरचा आवाज त्यांनी कधीच वाढवला नसेल इतका वाढवला. ती घूं आधीच घालवली नसती तर आता नुसती तीच भरून राहिली असती.

पांढरी पट्टी सरकली. सूंसूं वाळूसारखा आवाज आला, आणि त्याच्या मागून, दोन खोल्या सोडून कुणी बोलावं तसं:

"अहो, मी काय म्हणते..."

तो माझाच आवाज होता. 'म्हणते' म्हणताना मी जशी शेवटी वर जाते, तशीच ती वर गेली होती. मावशी खरं बोलत होती.

आणि लगेच त्यावर दुसरा आवाज, तरुण, कोरडा, घाईतला:

"बोलू नकोस. टेप चालू आहे."

मग शांतता. मग आईनं श्वास घेतला आणि गायला लागली, पण तोवर काकानं धावत जाऊन आवाज खाली केला होता.

आम्ही ते पुन्हा ऐकलं. नंतर पुन्हा ऐकलं. दरवेळी मला वाटायचं, ह्या वेळी ती पुढे बोलेल. दरवेळी बाबा तिला तिथेच गप्प करायचे.

"काय सांगत होती ती?" मी विचारलं.

"मला काय ठाऊक," बाबा म्हणाले. "मी विचारलं नसेल. काम संपल्यावरही विचारलं नसेल." त्यांनी टेप थांबवली. "एवढं कापलं मी. आणि माझं हे तेवढं राहिलं."

मला त्यांच्या पाठीवरून हात फिरवावासा वाटला. पण तसं आमच्यात कधी नव्हतं, आणि तेवढ्यात ते उठले. त्यांनी आईची टेप उतरवून डब्यात ठेवली, चाचणीची कोरी टेप चढवली आणि माइकपाशी जाऊन उभे राहिले. काकानं जन्मभराच्या सवयीनं बटण दाबलं. माइकसमोर माणूस उभा राहिला की तो दाबतोच. लाल दिवा लागला.

बाबांनी घसा साफ केला. तोही टेपवर गेला, आणि त्यांनी तो जाऊ दिला.

"बोल," ते म्हणाले. "काय म्हणत होतीस?"

चाकं फिरत राहिली. खोली इतकी शांत होती, की मिक्सरवरची सुई जागची हलत नव्हती. काकानं माझ्याकडे पाहिलं, बंद करू का, म्हणून. मी नको म्हणून मान हलवली. टेप संपून तिचं टोक चाकावर फटफट वाजायला लागेपर्यंत बाबा तिथेच उभे होते.