नदीच्या वाटेवरचा बांध

बुलडोझर चालवणाऱ्या माणसाला वाटतं, जगात ढकलून सरकत नाही असं काही नसतंच. ताईचा हा धाकटा भाऊ त्यातलाच.

नदी घळीतून सुटली की पायथ्याशी तिचा उतार मोडायचा, जोर ओसरायचा आणि डोंगरातून आणलेले दगडगोटे ती तिथेच टाकायची. असं टाकून टाकून तिनेच ती सुपासारखी पसरलेली जमीन केली होती. एक वाट भरली की दुसरी धरायची, हा तिचा जुना खाक्या. आणि त्याच सुपात ताईचं घर.

"आपण लेकीकडे राहायला जाऊ या का रे?" ताई दर वर्षी विचारायची. दाजीही तयार असायचे.

"अगं, मी मेलोय का?" हा म्हणायचा. लगेच पात्रातले गोटे ढकलून दोन्ही काठांचे बांध उंच करायचा.

"मेव्हणा असावा तर असा!" दाजी म्हणायचे. झालं, गडी चढला हरभऱ्याच्या झाडावर!

पण दोन बांधांत कोंडलेल्या नदीने पसरावं कुठे? हा काढायचा त्याच्या दुप्पट गोटे ती आणून टाकायची. पात्र वर आलं की हा बांध वर न्यायचा, की पुन्हा पात्र वर. शेवटी नदी ताईच्या छपराच्या उंचीवरून वाहू लागली. तेव्हा तरी डोळे उघडावेत ना माणसाचे? छे!

बांध फुटला तेव्हा दाजी गाय सोडायला गोठ्यात गेले होते. गोठा राहिला नाही, दाजीही राहिले नाहीत.

पाणी उतरल्यावर हा मशीन घेऊन आला. अंगणात खिडकीपर्यंत दगड. त्याला ताईच्या तोंडाकडे बघवेना.

"ताई, चार दिवसांत सगळं मोकळं करून देतो. आणि बांध या खेपेला असा घालतो, की..."

ताई गाठोडं बांधत होती. तिचे हात थांबले नाहीत.

"गेल्या वर्षी यांनी सामान बांधलं होतं," ती म्हणाली. "सगळं. मग म्हणाले, पोराला वाईट वाटेल, इतकं राबतोय आपल्यासाठी. आणि सोडलं परत."

तो मटकन दगडांवर बसला आणि लहान पोरासारखा रडू लागला. किती वेळा विचारलं होतं तिने! एकदा, फक्त एकदा 'जा' म्हणाला असता, तर?

ताईने त्याला गप्प केलं नाही. गाठोड्याची गाठ आवळली आणि ते त्याच्यापुढे ठेवलं.

"ऊठ," ती म्हणाली. "गाडीपर्यंत नेऊन दे."