मक्यातला चेंडू

महाळुंग्याच्या रविवारच्या फुटबॉल लीगमध्ये एक वेळ देवानं सूट दिली असती, पण ज्योतीरामनं नाही. लातूरकडून येऊन इथल्या कंपनीत प्रेस मशीन चालवणारा हा गडी. लीग त्यानंच उभी केलेली. सगळ्यांच्या शिफ्ट विचारून सामने तोच लावायचा आणि शिट्टीही तोच वाजवायचा. स्वतःच्या कंपनीच्या पोरांचे फाऊल तर जरा जास्तच धरायचा.

नियमही त्याचेच. ठरल्या वेळेनंतर दहा मिनिटांत सात गडी उभे नसले, तर सामना समोरच्याला बहाल. असं दोनदा झालं की टीम लीगबाहेर. गेल्या महिन्यात पिंटूची गावातली टीम बैलगाडा शर्यतीत रमली, उशिरा धापा टाकत आली, आणि यानं सामना काढून घेतला. पिंटूनं परोपरीनं विनवलं. "नियम म्हंजे नियम, भाऊ," एवढंच उत्तर.

आज पिंटूचे अकरा हजर आणि कंपनीचे पाच. बाकीच्यांना ओव्हरटाइमला थांबवलेलं. निघालो म्हणून फोन आला होता, पण चाकणचं ट्रॅफिक कुणाच्या बापाचं ऐकतं? कंपनीच्या टीमचा एक सामना आधीच असा गेलेला. ज्या पोरांना भाड्याच्या खोल्यांतून उठवून ज्योतीरामनं खेळायला लावलं, त्यांना आज त्यानंच बाहेर काढायचं होतं.

पिंटूकडे थोडी मुदत मागावी, असं ओठांवर आलं. पण कोणत्या तोंडानं मागणार? दहावं मिनिट संपत आलं. त्यानं शिट्टी ओठांना लावली.

तेवढ्यात पिंटूनं चेंडूला अशी लाथ घातली की तो थेट शेजारच्या मक्याकडे गेला.

"चेंडू हरवला की घड्याळ बंद. तुझाच नियम हाय न्हवं, राव?"

अकराच्या अकरा जण मक्यात शिरले. चेंडू बांधावरच पडलेला, पिवळाधमक. एक जण तर त्याला ओलांडून गेला आणि ओरडला, "हितं न्हाई!" मक्याचे मालक सोपानराव म्हणजे पिंटूचे वडील. एरवी ताटाला धक्का लागला तरी शिव्या घालणारे. तेही म्हणाले, "आरं, पार आत बगा, आत!"

ज्योतीरामला चेंडू चांगला दिसत होता. त्यानं मक्याकडे पाठ फिरवली आणि बाहीनं डोळे पुसले.

टेम्पो आला, पोरं कंपनीच्या कपड्यांतच उड्या टाकून उतरली, आणि चेंडू लगेच सापडला. पुढे कंपनीची टीम सपाटून हरली. ज्योतीराम मात्र लग्नघरातल्या माणसासारखा सगळ्यांना पाणी देत हिंडत होता.

"फुकटात जिंकला असतास की," तो पिंटूला म्हणाला.

"जिंकलो आस्तो. पर फुडं कुनासंगं खेळायचं आमी?"

ज्योतीरामनं मोबाईल काढला. पुढचे सामने लावता लावता त्यानं विचारलं, "येत्या रविवारी कुठं शर्यत हाय का?"

"हाय की."

"मग तुमची मॅच ऊन उतरल्यावर ठेवतो. पण बैलं बांधून वेळेवर या. नियम म्हंजे नियम."