रंगाखालची भिंत

मामाचं जुनं घर आम्ही विकत घेतलं तेव्हा सगळे म्हणाले, घरातल्या घरात व्यवहार आहे, डोळे झाकून घ्या. आम्ही खरंच डोळे झाकले. राहायला आलो त्याच आठवड्यात स्वयंपाकघरात माझ्या मुलीचा हात भिंतीला लागला आणि ती किंचाळून मागे पडली. भिंतीत करंट उतरला होता. वायरमनने मेन स्विच पाडला, बोर्ड उघडला, तर आतून पाणी ठिबकलं.

"आधी प्लंबर बोलवा," तो म्हणाला. "तोवर मी कशाला हात लावणार नाही."

मी मामाला फोन केला.

"अगं, जुनं घर आहे, थोडंफार चालायचंच," मामा म्हणाला. "आम्हाला तर कधी काही झालं नाही."

प्लंबरने ताज्या रंगाखालचं प्लास्टर फोडलं. आत पाइपाचा जोड तडकलेला आणि त्यावर चादरीची चिंधी गुंडाळून तार आवळलेली. चादर निळ्या फुलांची. लहानपणी सुट्टीत गेले की मामी मला तीच अंथरून द्यायची.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. पाइप कुणाचाही फुटतो. पण माहीत असून वरून रंग फासायचा, आणि तिथे आपल्याच भाचीला लेकरासकट राहायला पाठवायचं?

"जाऊ दे, मोठे आहेत ते," नवरा म्हणाला.

"मोठे आहेत म्हणूनच जाऊ देणार नाही."

घरात ना वीज, ना पाणी. कपड्यांच्या पिशव्या भरल्या, दोघांना घेतलं आणि तडक मामाचा नवा फ्लॅट गाठला. दार मामानेच उघडलं.

"दुरुस्ती होईपर्यंत आम्ही इथेच," मी म्हणाले आणि ती ओली चिंधी त्याच्या हातात ठेवली.

"ही कुठली?"

"कुठली काय विचारता?" आतून आलेली मामी म्हणाली. "मीच फाडून दिली होती तुम्हाला. पोरीला सांगून टाका, असंही म्हटलं होतं."

मामा चिंधी चाचपत राहिला. "सांगितलं असतं तर गिऱ्हाईक तुटलं असतं," तो पुटपुटला.

"मामा, ते गिऱ्हाईक मी होते."

दुसऱ्या दिवशी सकाळी मामा आमच्याआधी जुन्या घरी जाऊन उभा राहिला. पाइप बदलून, नवी वायर ओढून होईपर्यंत रोज धुळीत थांबला. पडलेलं प्लास्टर स्वतः घमेल्यातून बाहेर टाकत होता.

आता भिंत कोरडी आहे. मामा अधूनमधून येतो. मी चहा देते, पण त्याच्यासमोर बसत नाही. मामी म्हणते, पुरे झाला राग. माझा अजून पुरा झालेला नाही.