देशमुखांचा पहिलवान

माझा नवरा धुळाजी खाण्याची नोकरी करायचा. लोक तिला पहिलवानकी म्हणत.

केजजवळच्या आमच्या गावचे भगवानराव देशमुख घोडा पाळत, शिकारी कुत्री पाळत, तसा त्यांना एक पहिलवानही पाळायचा होता. लग्नाच्या दुसऱ्याच वर्षी त्यांनी धुळाजीला मेंढरांमागून उचललं आणि तालमीत नेऊन ठेवलं. पहिलवानानं लंगोटाचं पक्कं राहायचं, म्हणजे बायकोचं तोंडही बघायचं नाही, ही त्यांची अट. मी रोज माझ्या म्हशीचं दूध तालमीच्या दारात ठेवायचे आणि मुकाट्यानं परतायचे. म्हैस माझी, नवरा माझा आणि ऐट देशमुखांची!

बरं, कुस्ती तरी खेळावी? छे! जत्रेआधी हातपाय मोडेल म्हणून देशमुखांनी सरावसुद्धा बंद केला. हा बदाम खायचा, अंगाला तेल चोळून घ्यायचा आणि निजायचा. दरसाल धर्मापुरीच्या जत्रेत वाजतगाजत आखाड्याला फेरा मारायचा. ते धूड बघून कुस्तीसाठी हात द्यायला कुणी पुढं यायचं नाही. मग जोड मिळाली नाही म्हणून न खेळताच मानाचा फेटा याच्या डोक्यावर. आणि गावाला त्याचा केवढा अभिमान!

यंदाही सगळ्या गावानं त्याच्यासाठी मारुतीला नारळ फोडले. मीही फोडला, तो हरावा म्हणून. हरला की देशमुख त्याला हाकलतील आणि माझा नवरा घरी येईल, एवढंच मला हवं होतं.

बायकांना आखाड्याजवळ मनाई, म्हणून मी लांब बैलगाडीवर उभी राहिले. शेजारी अंजना नावाची एक तरणी बाई पोर कडेवर घेऊन उभी होती. धुळाजीचा फेरा संपत आला आणि तिचा नवरा उत्तरेश्वर, परळीकडचा दगडफोड्या, आखाड्यात उतरला. त्यानं सरळ हात दिला. देशमुख हसले. जत्रेला पाहुणे आलेले निजामाचे तालुकदारसाहेब खुर्चीत पुढं सरकले.

हलगीनं जोर धरायच्या आत माझा पहिलवान उताणा पडला. पोट भात्यासारखं वरखाली होत होतं.

मला हसू आलं आणि लगेच रडूही. मेंढरांमागं कोस कोस धावणारा माणूस, काय करून ठेवला होता मेल्यांनी!

देशमुख उठले. धुळाजीसाठी आणलेला फेटा त्यांनी तिथंच उत्तरेश्वरला बांधला आणि म्हणाले, "आजपासून खुराक याला!" गावानं पुन्हा आरोळी ठोकली. पहिलवान कोण, याच्याशी गावाला काय करायचंय!

धुळाजी मान खाली घालून गाडीपाशी आला.

"साखरा, दूध हाय का गं?"

इतक्या वर्षांनी नवरा बोलला ते हे!

"मशीला इचार," मी म्हणाले. "चढ गाडीत. उद्यापासून मेंढरं राखायचीत."

चढताना त्याला माझा हात धरावा लागला.

अंजना पोराला नाचवत होती. "बगितलं का आक्का, माज्या मालकाला देशमुखानं ठिवून घेतलं!"

"घरी म्हैस हाय का तुज्या?"

"हाय की. कावून?"

"तिचं दूध आता पोराला मिळायचं न्हाई," मी म्हणाले. "आन् तुला मालक बी."

"लई जळतीस!" म्हणत ती आखाड्याकडं धावली. देशमुखांच्या गड्यानं तिच्यापुढं काठी आडवी धरली.

"बाईमानसानं पहिलवानाजवळ यायचं न्हाई."

तिनं मोठ्यानं हाक मारली. उत्तरेश्वर फेटा सावरत होता. त्यानं वळूनही पाहिलं नाही.