लाथेची जागा

मी साचा बोलतोय. पोटाचा साचा. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, पुढे हसण्यासारखं फार नाही.

मला बनवलं बारक्याने. तो पीओपीची छतं करतो. परक्यांच्या दिवाणखान्यात मानेला रग लागेस्तोवर वर बघत वेलबुट्टी काढायची, हे त्याचं काम. त्याच्या ताईला आठवा महिना लागला होता. एका दुपारी ती म्हणाली, "फोटोत माझं पोट चपटंच दिसतं रे. लोकांच्या छतांना आकार देतोस, मला नाही देणार?"

"तुझा आकार कुठल्या छतात मावणार, ताई?"

"मार खाशील हं!"

त्याने मेडिकलमधून बँडेजचे रोल आणले. ताईने पोटाला व्हॅसलीन चोपडलं आणि खुर्चीत मागे रेलून बसली. ओल्या प्लास्टरात बुडवलेली एकेक पट्टी तो तिच्या पोटावर लावत गेला. प्लास्टर घट्ट होताना तापतं. मीही तापलो. माझ्या वाट्याला आलेली ऊब तेवढीच. इतक्यात डावीकडे, बेंबीच्या जरा वर, आतून धक्का बसला आणि मला टेंगूळ आलं.

"ताई, हलू नकोस ना!"

"मी कुठे हलले? आतलं पात्र हललं."

दुसऱ्या दिवशी, मी वाळल्यावर, बारक्याने माझ्या कडेला दिवा आडवा धरला. छतवाले असंच तपासतात, आडव्या उजेडात बारीकसा उंचवटाही लपत नाही. त्याला टेंगूळ दिसलं. झालं! पॉलिश पेपर घेतला आणि हाताला जाणवणार नाही इतकं घासून सपाट केलं. मग मोठ्या ऐटीत मला ताईपुढे ठेवलं.

ताईने माझ्यावरून हात फिरवला. पुन्हा फिरवला.

"इथलं काय केलंस?"

"काढलं. खराब दिसत होतं."

"अरे गाढवा, ती लाथ होती!"

बारक्याचं तोंड एवढंसं झालं. "पुढच्या वेळी ठेवतो," तो पुटपुटला.

ताई हसत सुटली. "पुढच्या वेळी म्हणे! आधी ही खेप तर पार पडू दे."

पुढची वेळ आलीच नाही. बाळंतपणात ताईचं रक्त थांबेना. मुलगी घरी आली, ताई आली नाही.

भेटायला आलेला जो तो सांगून गेला, "तिच्या आठवणी जपा." सांगणाऱ्याचं काय जातं? सुरुवातीला मी दिवाणखान्यात होतो. पाहुण्यांना अवघडल्यासारखं होतं म्हणून आतल्या खोलीत गेलो. तिथे पाळणा आला, मग पलंगाखाली. पलंगाखाली पोरीच्या दुपट्यांचं गाठोडं आलं, मग गॅलरीत. मला कुणी फेकलं नाही हो. माणसं फेकत नाहीत, त्यांना फक्त जागा लागते. शेवटी ताईच्या सासूबाईंनी मला उलटं करून माझ्यात कपड्यांचे चिमटे ठेवले. ओले चिमटे. जिथे मला घासलं होतं तिथे मी आधीच पातळ, आता पाण्याने मऊ पडू लागलो.

एका सकाळी बारक्या भाचीला बघायला आला. त्याची नजर थेट गॅलरीत गेली.

"हे काय? चिमटे?"

"मग काय काचेच्या कपाटात ठेवू?" सासूबाई म्हणाल्या. "गेलेल्या बाईचं पोट डोळ्यांसमोर ठेवून आम्ही जेवायचं कसं, तेही सांग."

ताईचा नवरा झोपलेल्या पोरीला खांद्यावर घेऊन दारात उभा होता. बारक्या त्याच्याकडे वळला. "दाजी, तुम्ही तरी बोला."

"घेऊन जा बारक्या. मला रोज नाही बघवत."

बारक्याने मला हिसका देऊन उचललं. चिमटे फरशीवर खळखळले, पोर दचकून किंचाळली आणि त्याचा अंगठा माझ्या आरपार गेला. नेमका तिथेच.

"झालं समाधान? उठवलंस पोरीला!" सासूबाई कडाडल्या. "पुन्हा यायचं तर डोकं ठिकाणावर ठेवून ये."

तो जिना उतरला. ज्या भाचीसाठी आला होता, तिला त्याने हातही लावला नव्हता.

घरी आल्यावर त्याने भोक बुजवायला प्लास्टर कालवलं. लिंपायच्या पत्तीवर घेतलं, हात माझ्याजवळ आणला आणि तसाच बसून राहिला. पत्तीवरचं पत्तीवर वाळलं, वाटीतलं वाटीत दगड झालं.

आता मी त्याच्या पत्र्याच्या पेटीवर उपडा पडून आहे. मला कपाट नको, कौतुक तर नकोच. पण ती पोर मोठी होईल, आई कशी होती म्हणून विचारेल आणि कुणीतरी तो चपटा फोटो तिच्या हातात ठेवून मोकळं होईल. तेव्हा तिला माझ्याकडे आणा. सांगा, हा आकार तुझ्या आईचा. हे भोक मामाने पाडलं, रागाच्या भरात. पण मामाच्या आधी तिथे तू होतीस.

आणि तोवर कृपा करून ते कुणी बुजवू नका. मला गुळगुळीत करून झालंय एकदा.